गड्ड्याचा मुहूर्त

ब्रोकोली खायला आमच्या घरात कोणी उत्सुक नव्हतं. लावायला मात्र सगळे एका पायावर तयार. मेथी-कोथिंबीर काय, कुंडीत कुणाच्याही उगवते. पण पाहुण्यांना गच्चीवर नेऊन "ही आमची ब्रोकोली" म्हणण्याचा रुबाब वेगळा.

वास्तविक तिचं घराणं काही मोठं नाही. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ही, सगळी वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी एकच प्रजाती: ब्रासिका ओलेरासिया. म्हणजे सख्खी भावंडं. त्यातलं एक इटलीत वाढलं आणि परत आल्यावर कोबीला ओळख दाखवेनासं झालं, इतकंच. दिल्लीच्या पुसा संस्थेने 'पुसा ब्रोकोली केटीएस-1' हे देशी वाण काढलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी मंडईत भाजीवाला हिचा भाव विमानभाडं धरूनच सांगतो.

सप्टेंबरच्या शेवटी बी टाकलं, रोपं चार-पाच पानांची झाल्यावर मोठ्या कुंड्यांत हलवली. हिला थंडी लागते. ऊन तापलं की गड्डा बटणाएवढा राहतो, नाहीतर कळ्या सुटून विस्कटतात. "पुण्यात पूर्वीसारखी थंडी राहिली नाही" हे शेजारच्या काकांचं वाक्य आजवर आम्ही नुसतं मान डोलावून ऐकत होतो. यंदा मात्र आम्ही दोघं त्यांना कुलाबा वेधशाळेचा मान देऊ लागलो. ते दचकले.

मग अळ्या आल्या. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी पानाच्याच रंगाची असते आणि जरा हात लावला की वळवळत धाग्याला लटकून खाली सटकते. पाच टक्के निंबोळी अर्क फवारला. त्या वासाने अळ्या किती गेल्या ते माहीत नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनी मात्र दोन दिवस वाळत घातलेले कपडे न्यायला आल्या नाहीत. उरलेल्या अळ्या बायकोच्या भुवया कोरायच्या चिमट्याने वेचल्या. (हे तिला अजून माहीत नाही.)

खरी लढाई काढणीची. ब्रोकोलीचा गड्डा म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा झुपका. कळ्या घट्ट, हिरव्यागार असतानाच कापायचा. पिवळं दिसलं की चव गेली. म्हणजे फूल येऊ दिलं तर पीक वाया! ही गोष्ट आईला पटेना. जन्मभर तिने झाडाला फूल यावं म्हणून पाणी घातलंय.

"कळ्या खुडायच्या? येऊ दे की फुलं," ती म्हणाली.

बायकोचं म्हणणं, रविवारी मावशी येतायत, त्यांनी पाहिल्याशिवाय सुरी लावायची नाही. चिरंजीवांचा तर कापण्यालाच विरोध. अमेरिकेच्या थोरल्या बुशसाहेबांनी 1990 मध्ये, आपण आता राष्ट्राध्यक्ष आहोत तेव्हा यापुढे ब्रोकोली खाणार नाही, असं जाहीर केलं होतं, हे त्याने कुठूनसं शोधून काढलेलं. इतिहासात काठावर पास होणारा मुलगा!

"त्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी टनावारी ब्रोकोली वॉशिंग्टनला पाठवली, तेही वाच," मी म्हणालो.

"म्हणून काय त्यांनी खाल्ली?"

शेवटी शनिवारी पहाटे, घर झोपेत असताना, वीतभर देठासकट मी तिरका काप घेतला. तिरका अशासाठी, की उरलेल्या खोडावर पाणी साचून ते कुजू नये. मावशींनी गड्डा मिठाच्या कोमट पाण्यात डुंबताना पाहिला. सोबत तरंगून वर आलेली अळीही पाहिली आणि आपला उपास असल्याचं त्यांना आठवलं.

बायको नुसती वाफवून मिरपूड भुरभुरणार होती. आईने हिंग-मोहरीची फोडणी देऊन डाळीचं पीठ पेरलं. मोहरीही त्याच कुळातली, त्यामुळे भेट घरच्या घरीच झाली. भाजी उत्तम लागली. कसली आहे ते मात्र सांगावं लागत होतं.

मधला गड्डा काढला की बगलेतून छोटे तुरे फुटत राहतात. त्यातला एक माझ्या नजरेतून सुटला आणि त्याला चार-चार पाकळ्यांची पिवळी फुलं आली. आईने ती खुडून गणपतीला वाहिली. तेव्हापासून चिरंजीवांची भक्ती विलक्षण वाढली आहे. मी सुरी घेऊन गच्चीकडे निघालो की तो दारात आडवा होतो: "बाबा, राहू द्या ना, आजीला देवासाठी फुलं होतील!"