स्टिकरसाठी जागा शिल्लक आहे

‘बाहा’ ही इंजिनिअरिंगच्या मुलांची गाडी बनवण्याची स्पर्धा. एका माणसाने बसायची, दगडाधोंड्यांतून पळणारी गाडी मुलांनी स्वतः बनवून आणायची आणि शेवटी सलग चार तास चिखलात पळवून दाखवायची. १९७६ साली अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात हे खूळ निघालं आणि २००७ साली ते इंदूरजवळच्या पिथमपूरला पोचलं. वर्षानुवर्षं सगळ्या संघांना इंजिन एकच, १० अश्वशक्तीचं. त्यामुळे हारजीत इंजिनावर फारशी ठरत नाही. ती ठरते संघाच्या खजिनदाराने भोसरी-चाकणमध्ये किती शटरं वाजवली त्यावर. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे. (खजिनदार म्हणून ज्याला वेल्डिंग येत नाही पण ज्याच्याकडे इस्त्रीचा शर्ट आहे, त्याची निवड करावी.)

प्रायोजक शोधण्याची सुरुवात ब्रोशरने होते. त्यात प्लॅटिनम, गोल्ड आणि सिल्व्हर असे तीन रकाने असावेत, असा संकेत आहे. प्लॅटिनमला मोठा लोगो, सिल्व्हरला छोटा. हे छापण्याआधी गाडीकडे एकदा पाहून घ्यावं, कारण बाहाच्या गाडीला पत्रा जवळजवळ नसतोच. सगळे पाइपच. पुढचं नाक, बाजूचे दोन पत्रे आणि चालकाच्या पाठीमागची फायरवॉल, एवढीच तुमची स्थावर मालमत्ता. एवढ्याशा जागेवर १४ जणांना ‘ठळक प्रसिद्धी’चं वचन दिलेलं असतं. ती प्रसिद्धी पहिल्या वळणावर चिखलाखाली जाते. ब्रोशरमधले फोटो त्यामुळे शर्यतीच्या आदल्या दिवशीचे घ्यावेत.

ब्रोशर झालं की कोणीतरी हमखास म्हणतो, ‘सीएसआर मागू या.’ त्याला प्रेमाने खाली बसवावं. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं, की ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक काही असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत. इथपर्यंत ऐकून मुलांचे डोळे चमकतात. पुढे मात्र १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ अशी नोंदण्यांची रांग लागते, आणि आपल्या मंडळाकडे नोंदणी म्हणून काय असतं, तर प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली. शिवाय २०२१च्या दुरुस्तीने एक मेख मारून ठेवली आहे : कंपनीने मालाच्या जाहिरातीसाठी प्रायोजक म्हणून दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरतच नाहीत. म्हणजे आपण ज्या स्टिकरच्या जोरावर पैसे मागतो, तो स्टिकरच आडवा येतो. कंपनीतल्या मॅडम हे सगळं तोंडावर सांगत नाहीत. त्या चहा पाजतात आणि ‘मेल टाकून ठेवा’ म्हणतात. चहा प्यावा, मेलही टाकावी. उत्तराची वाट पाहू नये.

माजी विद्यार्थ्यांकडे वळताना डेट्रॉइटच्या दादाला आधी पासपोर्ट विचारावा. अमेरिकेचा निघाला, तर त्याचे शंभर डॉलर म्हणजे परकीय देणगी, आणि तिचा कायदा वेगळा. त्याच्याकडून शुभेच्छा घ्याव्यात.

आता खरी विद्या. पैसे मागू नयेत, काम मागावं.

भोसरीत गुरुवार सोडून जावं, कारण गुरुवारी तिथे सुट्टी. महिनाअखेर टाळावी, तेव्हा डिस्पॅचची पळापळ असते आणि शेठ कोणालाच ओळखत नाहीत. साधारण अकराच्या सुमारास, कॉलेजच्या लेटरहेडवरचं शिक्कामोर्तब झालेलं पत्र आणि पार्टचं ड्रॉइंग घेऊन उभं राहावं. पत्र कोणी वाचत नाही, ड्रॉइंग सगळे वाचतात. दोन व्हीएमसी आणि तीन लेथवर आयुष्य काढलेला माणूस चष्मा कपाळावरून खाली ओढतो आणि विचारतो, ‘हे ०.०१ कोणी मागितलंय?’

‘सर, डिझाइनमध्ये...’

‘विमान बनवताय का? कॉलेजात टॉलरन्स शिकवत नाहीत का रे तुम्हाला?’

इथे नव्वद टक्के खजिनदार वाद घालतात आणि हात हलवत परततात. जाणकार खजिनदार वही काढून लिहून घेतो. पुढची वीस मिनिटं काका बोलतात : ते स्वतः हेल्पर म्हणून कुठे लागले, पहिलं मशीन कसं हप्त्यावर घेतलं, हल्लीची पोरं हाताने फाइल कशी मारत नाहीत. नंतर ते ओरडतात, ‘अरे, यांचं हे दुपारच्या जॉबनंतर लावून दे.’ झालं. हब मिळाला. म्हणून ड्रॉइंगमध्ये एक ठळक चूक राखून ठेवावी, असं माझं मत आहे. निर्दोष ड्रॉइंगकडे पाहून कोणालाही दया येत नाही.

पाइप वाकवून देणारा, आर्गॉन वेल्डिंगवाला, लेझर कटिंगवाला असं एकेक दार याच पद्धतीने घ्यावं. पावडर कोटिंग सर्वांत स्वस्तात होतं, कारण भट्टी दुसऱ्याच्या मालासाठी तापलेलीच असते आणि आपली चासी मधेच घुसवता येते. फक्त त्या दिवशी भट्टीत जो रंग चालू असेल, तोच आपल्या संघाचा रंग. ब्रोशरमध्ये लाल छापला असेल आणि गाडी ट्रॅक्टरच्या पार्टसारखी हिरवी आली, तर ‘पर्यावरणपूरक संकल्पना’ असं ब्रोशर सुधारून घ्यावं.

एखाद्याने चुकून चेक दिलाच, तर तो कॉलेजच्या नावाने असतो. कॉलेजच्या ऑफिसात तो सुखरूप पोचतो. बाहेर यायला त्याला एचओडी, प्राचार्य आणि अकाउंट्स अशा तीन सह्या लागतात आणि तोवर स्पर्धा आटोपलेली असते. मधल्या काळात टायर कोणाच्या पैशाने आले? अर्थात घरच्यांच्या. संघाचे सर्वांत मोठे प्रायोजक आई-बाबाच असतात. त्यांचा लोगो नसल्यामुळे जागेचा प्रश्न येत नाही.

स्पर्धा संपल्यावर प्रत्येक काकांना गाडीचा एक फोटो प्रत्यक्ष नेऊन द्यावा. तो गल्ल्यामागे लक्ष्मीच्या फोटोशेजारी लागतो आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना आयतं दार उघडं मिळतं. नंबर मात्र नीट सेव्ह करावेत. ‘बेअरिंगवाले काका’ नावाने फोनमध्ये तिघे असले, की घोळ होतो. जूनमध्ये त्यांचा फोन येतो आणि तो उचलावाच लागतो. भाच्याला मेकॅनिकल घ्यावं की कॉम्प्युटर, कट-ऑफ किती लागेल, मॅनेजमेंट कोट्यात तुमच्या सरांचं काही चालतं का, हे सगळं तासभर चालतं. हा तास हिशेबात ‘मशीनिंग : हब, चार नग’ या नावाने टाकावा.