मुलांची पंगत

दर ऑक्टोबरात जगभरातली तरुण मंडळी रोमला जमतात आणि जगानं काय जेवायचं ते ठरवतात. म्हणजे, ठरवतात असं त्यांना सांगण्यात येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं, ‘फाओ’नं, २०२१ मध्ये ‘वर्ल्ड फूड फोरम’ सुरू केला आणि त्यातला युवकांचा मेळा थेट मुख्यालयात भरवला. (ही इमारत मुसोलिनीच्या काळात इटलीच्या आफ्रिकी वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या खात्यासाठी योजली होती. दुसऱ्यांच्या वतीनं निर्णय घ्यायचा हेतू पायातच आहे.)

पोरं बोलतात फर्डं. मातीचा कस, बियाण्यांवरचा हक्क, आटलेले झरे, उकिरड्यावर जाणारं अन्न. राजदूत मान डोलावतात, फोटो निघतात, जाहीरनामा निघतो आणि त्याची ‘नोंद घेतली’ जाते. सरकारी कचेरीत एकदा तरी अर्ज दिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. फाओच्या आमसभेत मत असतं सदस्य देशांना, एका देशाला एक. तरुणाई नावाचा देश अजून कुठल्या नकाशावर आलेला नाही.

आपल्याकडे लग्नघरात मुलांची पंगत आधी उरकतात. त्यांना जिलबी जास्तीची वाढतात, ‘किती मोठा झालास रे’ म्हणतात. ती हात धुवायला गेली की मोठी माणसं दार लोटून याद्या करायला बसतात. अन्नधोरणाच्या याद्या होतात जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत. तिथे जिलबी नसते.

त्या यादीतलं एक कलम पाहा. सरकार हमीभावानं धान्य घेतं, तेव्हा शेतकऱ्याला किती अनुदान दिलं हे मोजायचं असतं. विकसनशील देशाला त्या पिकाच्या एकूण मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत मुभा. मोजायचं कसं? यंदाचा हमीभाव घ्यायचा आणि त्यातून आंतरराष्ट्रीय किंमत वजा करायची. यंदाची नव्हे, १९८६-८८ ची! संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात तरुण म्हणजे १५ ते २४ वर्षांचा. (आपल्या पक्षांच्या युवक आघाड्यांत पस्तिशी गाठेपर्यंत तारुण्य टिकतं, हवामान चांगलं असावं.) तर या व्याख्येतला सगळ्यात थोराड तरुणसुद्धा त्या किमती गोठल्या तेव्हा जन्माला यायचा होता. एवढ्या जुन्या किमतीशी तुलना केल्यावर कुठलाही हमीभाव उधळपट्टीच दिसणार. भारतानं २०१८-१९ मध्ये तांदळाची मर्यादा ओलांडली, ती याच हिशेबानं. निभावलं ते व्यापार संघटनेच्या २०१३ च्या बाली परिषदेतल्या तात्पुरत्या सवलतीवर. कायमचा तोडगा २०१७ पर्यंत काढायचं ठरलं होतं. २०२४ मध्ये अबुधाबीच्या परिषदेतही तो निघाला नाही. तात्पुरत्या सवलतीला आता मिसरूड फुटेल, पण तिला कुणी युवक मेळ्यात बोलावत नाही. आपल्या रेशनच्या दुकानातल्या तांदळाचा या कलमाशी थेट संबंध आहे. रोमच्या जाहीरनाम्याचा काय संबंध, हे ज्यानं त्यानं पाहावं.

पाण्याचा कारभार आणखी संथ. संयुक्त राष्ट्रांची पहिली जलपरिषद १९७७ मध्ये अर्जेंटिनात मार देल प्लाताला झाली. १९९० पर्यंत सगळ्यांना शुद्ध पाणी, असा संकल्प सुटला. पुढची परिषद २०२३ मध्ये न्यूयॉर्कला. मध्ये ४६ वर्षं. पहिल्या परिषदेला कुणी चोविशीतला गेला असेल, तर दुसरीला तो सत्तरीत पोचला असणार, आणि विषय तोच. न्यूयॉर्कमध्ये सुमारे सातशे वचनं गोळा झाली, सगळी ऐच्छिक. मोडली तर विचारणारं कुणी नाही.

महाराष्ट्रातला एखादा कृषी पदवीधर उद्या अशा परिषदेत ‘पाणी व्यवस्थापनात युवकांचा सहभाग’ यावर बोलून आला, तर नवल नाही. फ्लेक्सही लागेल. पण गावच्या पाणीवापर संस्थेत त्याला मत नसण्याची शक्यता दांडगी. २००५ च्या कायद्यानं सिंचनाचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती दिला, आणि तिथला शेतकरी म्हणजे लाभक्षेत्रातला जमीनधारक. सातबारा वडिलांच्या नावे. नाव लावायचा विषय काढला की घरात दोन दिवस अबोला. कालव्याची रात्रीची पाळी आली की दारं धरायला मात्र पोरगाच जातो, थंडीत, साप-विंचवात. सूनबाईचं नाव तर सातबाऱ्यावर भिंग घेऊन शोधावं.

आता दुसऱ्या तऱ्हेची पोरं. २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या वानुआतूत, साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं, हवामानबदलाचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. माइक मागितला नाही, वेगळं दालन मागितलं नाही. आपल्या सरकारच्या मागे लागले. सरकारनं तो विषय उचलला, इतर देश जोडले गेले आणि मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं न्यायालयाचं मत मागणारा ठराव एकमतानं केला. २३ जुलै २०२५ ला न्यायालयानं एकमुखानं मत दिलं: हवामान राखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडलं तर भरपाईपर्यंत परिणाम होऊ शकतात. अन्न, पाणी, निवारा हे हक्क त्यात आले. मत सल्ल्यापुरतं आहे, बंधनकारक नाही, कबूल. पण उद्या कुठल्याही देशातल्या वकिलाला ते न्यायाधीशांपुढे ठेवता येईल. जाहीरनामा ठेवला तर पट्टेवाला हसेल.

लक्षात घ्या, या पोरांनी भाषण केलं ते सगळ्यात शेवटी. आधी कलमं वाचली, मग मंत्री गाठले.

डिसेंबर २०२६ ची जलपरिषद संयुक्त अरब अमिरातीत, सेनेगलच्या सहयजमानपदाखाली. युवकांसाठी उपक्रम असतीलच, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्याही असतील. यजमानांना एकच सुचवावंसं वाटतं: निमंत्रणं पाठवताना कायद्याचे विद्यार्थी वगळा. ती मंडळी टोपी घेतात आणि ठरावाचा मसुदाही मागतात.