पूर्ण नाव सांगा

परदेशात घर शोधण्याआधी पिंगळी गावच्या पोरांनी पुण्यात भाड्यानं राहून पाहावं, ही नम्र सूचना. २०२४ साली महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला खरा; पण तिथली घर देण्याची पद्धत फारच कच्ची. श्टुटगार्टचा मालक पगाराच्या पावत्या मागतो, ‘शुफा’ नावाचं पतपत्र मागतो. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याच्या वर नेता येत नाही, कायदा आडवा येतो. बिचारा! ताटात मटण असतं का, मैत्रीण येते का, हे विचारायचं राहूनच जातं.

आपल्याकडे एका प्रश्नात काम उरकतं.

“पूर्ण नाव?”

नाव ऐकून फोनवर क्षणभर शांतता, मग मधाळ आवाज : “अहो, कालच गेली हो खोली.” पाटी महिनाभर तशीच.

पण जर्मनीही प्रगतिपथावर आहे. २०१७ मध्ये तिथल्या पत्रकारांनी काल्पनिक नावांनी घरांना अर्ज पाठवले. तुर्की-अरबी नावांना उत्तरं कमी आली. २००६ पासून भेदभावविरोधी कायदा असूनही! एवढ्या अडचणीत त्यांनी मजल मारली, कौतुक आहे.

तेव्हा पोरांनो, जर्मन जरूर शिका. आडनाव तेवढं पिंगळीतच ठेवून जा.