ट्राउटराव

बंगळुरूत वृषभावती आहे, पण तिला नदी म्हणताना नाक दाबावं लागतं. कावेरी शंभरेक किलोमीटरवरून नळाने येते. आणि ट्राउट माशाला तर लागतं वाहतं, निवळ, विसेक अंशांच्या आतलं पाणी. तरीही व्हाइटफील्डच्या मोठ्या सोसायटीत फ्लाय फिशिंगवाला, म्हणजे गळाला नकली माशी लावून ट्राउट धरणारा, एक गृहस्थ हमखास निघतो, आणि तो बहुधा पुण्याचा असतो. आमच्याकडचे ट्राउटराव.

शनिवारी संध्याकाळी ते क्लबहाउसच्या तरणतलावाशी उभे राहतात. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, हातात नऊ फुटी रॉड, दोरीच्या टोकाला आकड्याऐवजी लाल लोकर. खरा आकडा एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या साडीत रुतला होता. तेव्हा समितीची तातडीची बैठक झाली. रॉड मागे एक वाजता थांबवायचा, पुढे दहा वाजता. मनगट घड्याळात, बाकीचे ट्राउटराव हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात. तासभर लोकर पाण्यावर उतरते, उचलली जाते, पुन्हा उतरते. पोहायला आलेली पोरं काठावर कुडकुडत असतात. वॉचमन दर वेळी आस्थेने विचारतो, “मीनु सिक्ता सर?”

“आज पाण्याला हालचाल नाही,” ट्राउटराव गंभीरपणे सांगतात.

माशी मात्र ते सुरेख बांधतात, हे कबूल केलं पाहिजे. टेबलाला इवलासा शेगडा, त्यात तांदळाएवढा आकडा. त्यावर रेशमी दोरा, मोरपिसाचा एक तंतू, मग कोंबड्याच्या मानेचं पीस गोल गुंडाळून गाठ. श्वास रोखलेला. पिसांसाठी ते रसेल मार्केटला जातात. कोंबडी नको, फक्त मान हवी, तीही न सोललेली, असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथला खाटीक आता पैसे मागत नाही. त्याला हा करणीचा प्रकार वाटतो.

“अहो, कावेरीत महाशीर आहे की!” असं चुकून कुणी म्हणालंच, तर मासा मेल्यासारखा चेहरा होतो. वास्तविक 1946 साली व्हॅन इंगेन नावाच्या गृहस्थांनी कावेरीच्याच उपनदीत, कबिनीत, 120 पौंडांचा महाशीर काढला होता. पण महाशीर भुलतो नाचणीच्या गोळ्याला. रागी मुद्दे खाणाऱ्या माशाशी इंग्रजी खेळ काय खेळायचा? त्यातून कावेरीतला मूळचा कुबडा महाशीर आता नामशेष व्हायच्या बेतात आहे. त्याची जागा बळकावलीय ती लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात वाढवून इकडे सोडलेल्या निळ्या परांच्या महाशीराने. घाटावरून यायचं आणि इथल्यांची जागा अडवायची! हे ऐकून आमच्या कन्नड शेजाऱ्यांनी ट्राउटरावांकडे इतकं रोखून पाहिलं, की विषय बदलावा लागला.

वहिनी मालवणच्या. त्यांच्या घरात मासा धरतात तो तव्यासाठी. धरून, फोटो काढून परत सोडायचा, हे त्यांच्या माहेरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. परवा पाहुणे आले म्हणून त्यांनी नवऱ्याला बांगडे आणायला धाडलं. ट्राउटच्या खवल्यावरची वलयं मोजून वय सांगणारा हा माणूस पिशवी घेऊन परतला. वहिनींनी एका बांगड्याचा कल्ला उघडून त्यांच्या नाकाशी धरला.

“ह्यो कधीचो?”

ट्राउटरावांनी चष्मा पुसला. “हा खाऱ्या पाण्यातला,” ते म्हणाले. “माझा विषय गोडं पाणी.”