रंग विचारला, वजन नाही

दोन पुरुष. वय सारखं, रक्तातलं क्रिएटिनिन सारखं. अमेरिकेतल्या लॅबने एकाचा ईजीएफआर (किडनीच्या क्षमतेचा अंदाजी आकडा, क्रिएटिनिन वाढलं की घटणारा) लिहिला १७.५, दुसऱ्याचा २०.३. फरक एवढाच, की दुसरा कृष्णवर्णीय.

ईजीएफआर काढण्याच्या २००९च्या सूत्रात कृष्णवर्णीयांचा आकडा १.१५९ने गुणला जाई. त्याआधीच्या सूत्रात तर १.२१२ने. या लोकांचे स्नायू जास्त, म्हणून क्रिएटिनिन जास्त, असा खुलासा होता. डायलिसिसच्या दारात खंगलेल्या माणसाचेही स्नायू जास्तच? हे रुग्णागणिक तपासलं जात नसे; रकान्यात वंश दिसला की गुणाकार झाला. अमेरिकेत किडनी प्रत्यारोपणाच्या यादीतला वेळ मोजला जातो २० किंवा त्याखालच्या आकड्यापासून. म्हणजे २०.३वाला रांगेबाहेर. वंश वगळलेलं सूत्र यायला २०२१ उजाडलं. २०२३पासून, यादीवरच्या कृष्णवर्णीयांचा बुडालेला काळ त्यांच्या खात्यात जमा करणं प्रत्यारोपण केंद्रांना बंधनकारक झालं. हजारोंना तो मिळालाही. यादीत नाव लागण्याआधीच जे गेले, त्यांच्या घरच्यांना काय सांगणार?

हा मामला किडनीपाशी थांबत नाही. ईजीएफआर ६०च्या खाली गेला की हृदयविकाराचा धोका वाढतो. किडनीच्या कितीतरी रुग्णांचा जीव डायलिसिसची वेळ येण्याआधी हृदयविकारानेच जातो. ५५चे ६४ करून दाखवले की डॉक्टरही निर्धास्त, रुग्णही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३मध्ये हृदयाच्या धोक्याचं जे नवं गणित मांडलं, त्यातून वंश काढला आणि ईजीएफआर घेतला. योग्यच केलं.

पण ईजीएफआरच्या सूत्राचा दुसरा दोष तसाच आहे, आणि तो आपल्या अंगावर येतो. ते वय विचारतं, स्त्री की पुरुष विचारतं, वजन विचारत नाही. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, थोडं मांसाहारातून. पासष्टीची, अडतीस किलोची, भाजी-भाकरीवर राबणारी शेतमजूर बाई घ्या. क्रिएटिनिन ०.९. नवं सूत्र तिला ७१ गुण देऊन पास करतं. अंगावर मांसच नसेल तर क्रिएटिनिन वाढणार कुठून? तिची किडनी प्रत्यक्षात बरीच थकलेली असू शकते.

स्नायूंवर फारसं न विसंबणारी सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी आहे. महाग आहे, मान्य. पण लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी त्या मानाने स्वस्त आहे, आणि किडनी व हृदय दोन्हींचा धोका ती लवकर दाखवते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची ती दरवर्षी व्हायला हवी, प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा.