गोंद वाळेपर्यंत

गेल्या दिवाळीचा आकाशकंदील आमच्या गॅलरीत संक्रांतीला लागला. समोरच्या गेस्टहाउसचे सरदारजी मान वर करून विचारत होते, "भाभीजी, आज कौनसा त्योहार है?" मी म्हटलं, "दिवाली." ते बिचारे कॅलेंडर बघायला आत गेले. पण यात माझा काय दोष? कंदील कागदेकाकांनी करायला घेतला होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी न्यायला गेले, तर दारातच म्हणाले, "झालाच आहे गं. खालच्या झिरमिळ्या चिकटवल्यात. तेवढा गोंद वाळेपर्यंत थांब."

थांबले. अडीच महिने.

कागदे हे काही त्यांचं खरं आडनाव नाही. पहाडगंजातल्या आम्हा चार मराठी घरांनी ते त्यांना बहाल केलं आणि आता दूधवालाही तेच वापरतो. माणसाला एखादा छंद असावा, दोन असले तरी खपतात. काकांना सात आहेत आणि सगळे कागदाचे. ओरिगामी, क्विलिंग, किरिगामी, भेटकार्डं, वह्या बांधणं, लगद्याच्या वस्तू, आणि मथुरा-वृंदावनाकडची सांझी, म्हणजे कागदात कातरून काढलेली बारीक नक्षी. वार सात, छंद सात. काकांच्या मते ही निसर्गाचीच योजना आहे.

वेळेच्या नियोजनाचा त्यांचा स्वतःचा सिद्धांत आहे आणि तो ते जिन्यातसुद्धा सांगतात. "माणसाचा वेळ वाया कुठे जातो? गोंद वाळताना! गोंद लावतो आणि ठोंब्यासारखा बघत बसतो. तो वेळ वापरायचा." म्हणून कंदिलाला गोंद लावला की तो वाळेपर्यंत क्विलिंगच्या पट्ट्या गुंडाळायच्या. त्या गुंडाळ्यांच्या टोकाला गोंद लागतो, तो वाळेपर्यंत भेटकार्ड. त्यावर फूल चिकटवलं की ते वाळेपर्यंत वही. पाळी फिरून पहिल्या कामावर येते तोवर तिथला गोंद वाळून, त्यावर धूळ बसून, ती काकूंनी पुसूनही झालेली असते. काका मात्र नव्या उत्साहानं म्हणतात, "हे कुठवर आलं होतं बरं?"

मध्यंतरी त्यांनी वेळापत्रक केलं. सात वार, सात रंग, जाड पुठ्ठा, भोवती क्विलिंगची वेलबुट्टी. वेळापत्रक बनवण्यात दीड महिना गेला. मग पुण्याच्या भाचीनं फोनवर टोमॅटोची युक्ती सांगितली. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या एका इटालियन विद्यार्थ्यानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला. पंचवीस मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं विश्रांती. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, तेच त्या पद्धतीचं नाव. काकांना हे फार पटलं. ते उठले आणि कागदाच्या लगद्याचा टोमॅटो करायला बसले. दिवस दिल्लीच्या जुलैचे. ओला लगदा काही केल्या वाळेना, दहाव्या दिवशी टोमॅटोला हिरवी बुरशी आली. काकू म्हणाल्या, "एवढा एकच टोमॅटो यांनी पूर्ण पिकवला."

मखराची गोष्ट मला सांगायची नव्हती, पण आता विषय निघालाच आहे. एका वर्षी मंडळानं ठरवलं, थर्मोकोल नको, कागदाचं मखर करू. काकांनी हात वर केला. आम्ही त्यांचा हात खाली ओढला, पण उशीर झाला होता. चतुर्थीच्या सकाळी मखर आलं ते तीन बाजूंचं. गणपतीच्या पाठीमागे भिंतीवरचा विजेचा मीटर दिसत होता. "चौथी बाजू वाळतेय," काका म्हणाले. आरतीला डोळे मिटून उभं राहणाऱ्यांची संख्या त्या वर्षी वाढली. चौथी बाजू अनंत चतुर्दशीला आली. ती फार सुंदर होती हे कबूल करते, आणि म्हणूनच राग जास्त आला.

आता त्या जपानी मुलीचं. आमच्या मेन बाजारात पाठीवर बोचकं घेतलेले परदेशी पाहुणे बारा महिने हिंडत असतात. तिनं बिचारीनं नवी दिल्ली स्टेशनचा रस्ता विचारला, जो सरळ नाकासमोर होता. जपान म्हटल्यावर काका तिला वर घेऊन आले, चहा दिला आणि आपले कागदी करकोचे मांडले. हजार करायचे ठरलेत, सहाशेबारावर गाडी थांबली आहे. एका करकोच्याचा पंख उचकटला होता, त्याला काकांनी फेविकॉल लावलं आणि म्हणाले, "वेट, ग्लू ड्राय." मुलगी संकोचून, वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाली की ओरिगामीत गोंद नसतो.

काकांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. गोंदच नाही तर वाळणार काय? आणि काही वाळणारच नसेल तर मधल्या वेळात करायचं काय? दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले ते उजळून. अकिरा योशिझावा, जन्म १९११, मृत्यू २००५, ओरिगामीचा महागुरू. त्यानं कागद किंचित ओला करून घड्या घालायची रीत काढली. ओला कागद हवा तसा गोलसर वळतो आणि वाळल्यावर तोच आकार धरून बसतो. "वाळल्यावर, कळलं का? वा-ळ-ल्या-वर!" योशिझावा काकांचं दैवत झाला तो त्या एका शब्दामुळे. मुलीची आग्र्याची गाडी मात्र केव्हाच गेली होती.

कागद आणायला ते चावडी बाजारला जातात. नवी दिल्ली स्टेशनचा पूल ओलांडून अजमेरी गेटच्या बाजूला उतरायचं आणि हौज काझीच्या चौकातून आत शिरायचं. दोन्ही हातांना कागदाचे ठोक व्यापारी, लग्नपत्रिकावाले, डोक्यावरून रिमं वाहणारे हमाल. एकदा मी सोबत गेले होते. दोन दस्ते घ्यायचे होते, चार तास लागले. काका प्रत्येक कागद कानाशी धरून फडफडवतात, बोटांत चोळून किती जीएसएमचा ते सांगतात, आणि दुकानदाराला तुघलक ऐकवतात. मुहम्मद तुघलकानं १३२७मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, त्या लोंढ्यात कागद करणारेही गेले आणि दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात वसले, अशी तिकडची परंपरा सांगते. गावाचं नाव अजून तेच आहे आणि हातकागदही तिथे होत आला आहे. "म्हणजे दिल्लीनं आम्हाला कागद दिला," काका म्हणतात, "आणि मी तो फेडायला इथे आलोय." अर्ध्यावर सोडलेल्या योजनांचा बादशहाच यांना आवडावा, यात नवल नाही. काकूंचं म्हणणं एवढंच की तुघलकानं निदान राजधानी परत तरी आणली.

मी काकांकडे आजीची पदार्थांची वही बांधायला दिली, ती तीन वर्षांपूर्वी. तेव्हा मी नवखी होते. पानं सुटली होती, अनारशांपासून पुढची काही तर गेलीच होती. दर दोन महिन्यांनी विचारायचे, दर वेळी गोंद वाळत असायचा. शेवटी या चैत्रात मी चिडून वर गेले. ठरवूनच गेले होते की जशी असेल तशी उचलायची.

काका घरी नव्हते. काकूंनी कपाट उघडलं. आत पुठ्ठ्याच्या फायली, पांढऱ्या नाड्या, आणि प्रत्येक अर्धवट वस्तूला टाचलेली चिठ्ठी: पीयूसी. मला वाटलं गाडीच्या धुराचं प्रमाणपत्र. काकू हसल्या. "अगं, ऑफिसातलं. विचाराधीन कागद. फायलीत ज्यावर निर्णय व्हायचा असतो, त्याला तसं म्हणतात." पस्तीस वर्षं काका एका मंत्रालयात फायली चालवत होते. 'तातडीचे'ची चिठ्ठी लागलेला कागद त्यांच्या टेबलावर रात्रभर कधी राहिला नाही म्हणे. मग सगळं संगणकावर गेलं. शेवटची काही वर्षं टेबलावर कागदच नव्हता. "घरी यायचे आणि बोटं चोळत बसायचे," काकू म्हणाल्या. "पहिली होडी तेव्हा केली. आता कुठलाच कागद निकालात काढायचा म्हटलं की यांच्या जिवावर येतं."

वही तळाशी होती, आणि ती पूर्ण झालेली होती. दोऱ्यानं शिवलेली, पाठीला खादीची पट्टी, आत आजीच्या शाईला धक्का नाही. गहाळ पानांच्या जागी तेवढ्याच मापाचे कोरे हातकागद शिवले होते, नेमके तेवढेच. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरांत 'अनारसे' लिहून ठेवलं होतं. चिठ्ठी नव्हती.

तेवढ्यात काका आले. माझ्या हातात वही पाहून ओशाळले. म्हटलं, "काका, ही तर केव्हाच झालीय!" म्हणाले, "झाली होती गं. पण दिली असती तर..." पुढचं बोलले नाहीत, टेबलावरचं काहीतरी सारखं करत राहिले. मग म्हणाले, "बैस. चहा टाकतो. हे जरा चिकटवलंय."

मी बसले. अंधार पडेपर्यंत.

अनारशांचं पान मी अजून भरलेलं नाही. तुम्ही कधी पहाडगंजात उतरलात आणि पिशवीतून रंगीत पट्ट्या लोंबणारे एक गृहस्थ "दोन मिनिटं वर या" म्हणाले, तर जाऊ नका. गेलातच, तर आधी परतीचं तिकीट रद्द करा.