पिवळ्या वर्तुळातले साहेब

वाळूजच्या एमआयडीसीत दर दहा शेडांमागे असे एक तरी साहेब सापडतातच. वय पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे, पोट नुकतंच पट्ट्यावर रेललेलं आणि जालना रोडवरच्या हॉटेलात दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग ताजं ताजं झालेलं. परवापर्यंत आल्या आल्या ‘पीस किती निघाले?’ म्हणून खेकसणारा माणूस सोमवारी ‘कसं वाटतंय?’ असं विचारू लागला, की प्रेस शॉपला पहिली शंका येते ती कामगार कपातीची.

‘मी बॉस नाही, लीडर आहे,’ हे ते रोज सकाळच्या उभ्या मीटिंगमध्ये सांगतात. मीटिंग पाचच मिनिटांची असते; ती पाचच मिनिटांची का, हे समजावण्यात सात मिनिटं जातात. ‘माझं दार सर्वांसाठी उघडं’ अशी पाटी केबिनच्या दारावर आहे. एसीची हवा जाते म्हणून दार बंद असतं, त्यामुळे पाटी वाचता मात्र नीट येते.

ट्रेनिंगमध्ये त्यांची तैइची ओनोंशी ओळख झालेली असते. टोयोटातले हे गृहस्थ कारखान्यात जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचे, इंजिनिअरला त्यात उभं करायचे आणि नुसतं बघायला लावायचे, तासन् तास. साहेबांना खडू हलका वाटला. त्यांनी पिवळा ऑइलपेंट मागवला, ऐसपैस वर्तुळ काढून घेतलं आणि हाताची घडी घालून आत उभे राहिले. वर्तुळ नेमकं फोर्कलिफ्टच्या वाटेत. ‘साहेब, सरा जरा, गाडी यायलीय,’ असं म्हणत ड्रायव्हर त्यांच्या निरीक्षणात दर दहा मिनिटांनी खंड पाडतो.

या वर्तुळातून पाणी दिसत नाही. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी नहर काढून शेजारच्या शहरात पाणी खेळवलं, तेही एकही ट्रेनिंग न करता. आता पैठणला जायकवाडीचं एवढं मोठं धरण आहे, पण नळाला रोज पाणी येणं हे गेली कित्येक वर्षं शहराच्या नशिबी नाही. पाण्याच्या दिवशी घरी कोणी नसेल तर पुढचे कितीतरी दिवस टँकर, म्हणून त्या दिवशी माणूस कामावर येत नाही. साहेबांच्या तक्त्यात मात्र ही गैरहजेरी ‘मोटिव्हेशनचा अभाव’ या लाल रकान्यात जाते.

तरीही लाइन कधी थांबत नाही. याचं श्रेय साहेब वर्तुळाला देतात. खरं कारण डाय सेटर काकांच्या खिशात असतं. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्या लाटेत काकाही गंगापूर तालुक्यातल्या आपल्या गावातून इकडे आले. त्यांच्या डायरीत कुठल्या गल्लीत पाणी कधी, कोणाला शुगर असल्याने रात्रपाळी झेपत नाही, आषाढीला जवळच्या छोट्या पंढरपुरात कोण टाळ घेऊन उभा असणार, हे सगळं आहे. मुकुंदवाडीवाल्याची पाळी हर्सूलवाल्याला, त्याची पडेगाववाल्याला, अशी फिरवाफिरव चहाच्या टपरीवर परस्पर होते.

साहेबांनी या फिरवाफिरवीवर ‘मल्टिस्किलिंग’ नावाचं प्रेझेंटेशन केलं आणि पुण्याच्या हेड ऑफिसातून सर्टिफिकेट आणलं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ते वर्तुळ ओलांडून काकांच्या प्रेसपाशी आले. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, ‘काका, सिडको एन-सेव्हनला पाणी कधी हो? घरून दोनदा फोन आलाय.’

काकांनी चष्मा लावला, पान उलटलं. ‘उद्या पहाटे. तुमची पाळी कोणाला देऊ, साहेब?’